दुखवट्याला बसलेली गाडी

जानेफळात कोणाची मोटर जळाली, पंप अडला, फवाऱ्याचा नोझल तुंबला, की माणसं आधी सहदेवभाऊंच्या दुकानात येतात आणि मग देवाचं नाव घेतात. हा क्रम अर्थातच सहदेवभाऊंनी स्वतः ठरवलेला! त्यामुळे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली असताना त्यांनी वहिनींसमोर छाती पुढे काढून सांगितलं,

"वयनी, उद्या दिवस मावळायच्या आत गाडी उभी नाही केली, त दुकानावरची पाटी उतरवून टाकीन!"

त्या पाटीचं पुढे काय झालं, ते शेवटी येईलच.

गाडी शेषरावांची. शेषराव म्हणजे सहदेवभाऊंचे थोरले भाऊ, आशाबाईंचे यजमान. माघात गेले. उभा जन्म त्यांनी एस.टी. चालवली. जिल्ह्यातला असा एक खड्डा नव्हता, की ज्याची खबर त्यांच्या कमरेला नव्हती! रिटायर झाल्यावर त्यांनी अकोल्याच्या एका डॉक्टरांची जुनी, अवाढव्य, परदेशी गाडी घेतली. रंग पाहिला नाही, सीट पाहिल्या नाहीत. भाळले ते एकाच गोष्टीवर. तिच्या मागच्या चाकांवर स्प्रिंग नव्हती की पाटे नव्हते. होते रबराचे दोन जाड फुगे. हवेचे! गाडी सुरू केली, की डिकीखालचा छोटा पंप गुरगुरायचा, फुग्यांत हवा भरायचा, आणि गाडीचा मागचा भाग सावकाश वर उठायचा, पंगतीतून उठणाऱ्या व्याह्यासारखा. तोवर शेषराव कोणाला हलू देत नसत. बॉनेटवर हात ठेवून म्हणत, "उठू द्या तिले. घाई कायची?"

आणि त्यांनी आशाबाईंना एक शब्द दिला होता. आशाबाईंचं माहेर घाटाखाली, वडनेर भोलजीला. लग्न झाल्यापासून त्या माहेरी एका मुक्कामाच्या वर कधी राहिल्या नव्हत्या. म्हशी, पेरण्या, सासू, नवऱ्याच्या ड्यूट्या! "यंदा आखाजीले तुले हवेवर बसवून नेतो," शेषराव म्हणाले होते, "अन् चार दिवस ठेवतो. मोजून घेजो."

शब्द राहिला आणि शेषराव गेले. ते गेले आणि गाडी बसायला लागली.

सुरू केली की उठायची, बंद केली की तासाभरात मागून खाली यायची. तीही सरळ नाही, उजव्या अंगावर कलून. चिखलीचा एक गाड्यांचा दलाल फोनवर फोन करत होता. आशाबाईंनी दिराला स्वच्छ सांगितलं, "भाऊजी, आखाजीची घागर भरली का मी ह्याच गाडीनं वडनेरले जाईन. नाही उभी राह्यली त देऊन टाका त्या चिखलीवाल्याले. मले ती अशी बसलेली पाह्यवत नाही."

म्हणून ती छाती पुढे काढणं.

दुसऱ्या दिवशी सहदेवभाऊ गाडीच्या मागे उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि निदान केलं, "उलाळ झाली!"

बैलगाडीत मागे जास्त ओझं झालं की जू वर उचललं जातं, त्याला उलाळ म्हणतात. सहदेवभाऊंच्या मते जगातल्या सगळ्या गाड्या मुळात बैलगाड्याच. पुढे बैलाऐवजी इंजिन लावलं म्हणून नियम बदलत नाही!

"डिकी खाली करा!"

डिकीतून निघाल्या त्या वस्तू अशा : बंद गाडी ओढायचा टोचनाचा दोर, पाण्याचा कॅन, घडीची खुर्ची, भाजलेल्या शेंगांचा डबा (झाकण उघडं) आणि दोन छत्र्या.

"एका माणसाले दोन छत्र्या काऊन?" सहदेवभाऊ म्हणाले.

"एक आपली, अन् एक रस्त्यात भेटेल त्याची," आशाबाई म्हणाल्या. "कितीक छत्र्या गेल्या अशा."

शेषरावांची मुलगी मंजुश्री सुटीत आली होती. खामगावच्या कॉलेजात शिकवते. कमी बोलणारी पोरगी. तिने त्यातली दुसरी छत्री उचलली, उघडली, मिटली आणि पुन्हा डिकीत ठेवली. "ही राहू द्या, काका. हिचं काही वजन नाही."

सहदेवभाऊंना एकदम काहीतरी डोळ्यात गेल्यासारखं झालं. त्यांनी ते लपवायला खताची दोन पोती खांद्यावर आणून धाडकन पुढच्या सीटवर टाकली. मागे ओझं झालं तर पुढे वाढवा, साधा हिशेब! गाडी पुढूनही खाली गेली.

"हे पाहा! आता कशी सपाट बसली!" सहदेवभाऊ म्हणाले.

"काका," मंजुश्री म्हणाली, "आपल्याला ती उठवायची होती."

हा सगळा खेळ शेजारच्या सिंधूताई कुंपणावर हनुवटी टेकवून पाहत होत्या. सिंधूताईंना बातमी कळली, की मेहकरला ती बसच्या आधी पोचते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, तिचं ते उजव्या अंगावर कलणं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"आशा, अवं, शेषरावभाऊ असेच बसत होते ओट्यावर! उजव्या मांडीवर भार देऊन! गाडी दुखवट्याले बसली गं बाई!"

झालं! दुपारपर्यंत अर्ध्या गावाला कळलं, की शेषरावांची गाडी मालकासाठी गुडघे टेकते. म्हातारी माणसं म्हणाली, बैल करतात असं, आम्ही पाहिलंय. तरणी म्हणाली, ही तर परदेशी गाडी, तिच्यात बैलापेक्षा जास्त अक्कल असणारच. संध्याकाळी माणसं अंगणातल्या गाडीच्या शेडसमोर येऊन बसली. गाडी डोळ्यांदेखत खाली आली. बाया रडल्या. कोणीतरी नारळ फोडला, तोही गाडीच्या टोचनाच्या हुकावर!

"अरे, फुग्यातली हवा जाते, हवा!" सहदेवभाऊ ओरडले.

"मंग हवा म्हंजे प्राणच ना भाऊ," सिंधूताई शांतपणे म्हणाल्या.

 सहदेवभाऊंनी इलाज काढला. पंक्चर कसं शोधतात? साबणाच्या पाण्याने! जिथून हवा जाते तिथे बुडबुडा येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. फक्त शेंबडं पोर बादलीत चिमूटभर पावडर टाकेल. सहदेवभाऊंनी गाडी मोठी म्हणून पुडाच्या पुडा उपडा केला, काठीने घुसळला, आणि फवारणीचा पंप पाठीला लावून मागच्या दोन्ही चाकांवर असा काही मारला, की कपाशीवरची बोंडअळी असती तर घाटाखाली पळाली असती!

बुडबुडे आले. चाकातून आले, दारातून आले, नंबरप्लेटच्या मागून आले. गाडीच्या दोन्ही बाजूंनी पांढरा शुभ्र फेस अंगणभर पसरला. त्यात हवा कुठून जाते ते शोधणं म्हणजे यात्रेत चप्पल शोधणं!

आणि नेमक्या त्याच वेळी सिंधूताई मेहकरहून आलेल्या पाहुण्या बायांना घेऊन आल्या.

"अगं माय! गाडीले फेस आला!"

"जाते वाटते आता!"

"पाणी पाजा कोनी तिले!"

एका बाईने खरोखरच बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतलं. सहदेवभाऊंनी आपलं म्हणणं सिद्ध करायला गाडी सुरू केली. उठली. बंद केली, बसली. पुन्हा उठवली, पुन्हा बसली. "पाह्यलं? पंप भरते अन् हवा जाते! भरते अन् जाते!" असं करता करता पंपाने एकदा घशात घरघर केली आणि मौन धरलं. आता गाडी उठेचना.

सहदेवभाऊंचं तोंड उतरलं. आशाबाई ओट्यावरून पाहत होत्या.  त्या रागावल्या असत्या तर भांडता आलं असतं!

मंजुश्रीने गाडीचं माहितीपुस्तक आणलं होतं. "काका, यात लिहिलंय, पंप फार तापला तर स्वतःहून बंद पडतो. गार झाला की चालतो."

"पंप मले शिकवून राह्यली का तू? जलमभर पंप बांधले मी!"

"म्हणूनच म्हणते. तुमची मोटर तापली तर तुम्ही काय करता?"

"गार होऊ देतो," सहदेवभाऊ म्हणाले, आणि त्यांनी किल्ली काढून मंजुश्रीच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तेव्हा मंजुश्रीने किल्ली फिरवली. पंप गुरगुरला! गाडी हळूहळू उठायला लागली. पण तोवर शेडसमोर पुन्हा गर्दी झाली होती आणि भाविकांनी चारही चाकांपाशी उदबत्त्या खोचल्या होत्या. आशाबाई चटकन खाली उतरल्या. "पेट्रोलची गाडी ती! पेटवता का काय माया घरादाराले?" असं म्हणत त्या एकेक उदबत्ती उपटायला लागल्या.

उजव्या मागच्या चाकापाशी त्या थबकल्या.

चैत्राअखेरची संध्याकाळ, झाडाचं पान हलत नव्हतं. बाकी साऱ्या उदबत्त्यांचा धूर सुतासारखा सरळ वर जात होता. या एका उदबत्तीचा धूर मात्र आडवा पळत होता, कोणीतरी फुंकर घालावी तसा. आशाबाईंनी ती उदबत्ती हातात घेतली आणि चाकाच्या आत नेली. वर नेली, खाली नेली, गोल फिरवली, पुन्हा वर नेली.

पाहणाऱ्यांना वाटलं, बाई गाडीला ओवाळते! कोणीतरी टाळी धरली, दुसऱ्याने आरती सुरू केली आणि बघता बघता सगळं शेड दणाणून गेलं. त्या गदारोळात आशाबाई डोळे बारीक करून धुराच्या मागे जात होत्या. आरती तिसऱ्या कडव्यावर आली तेव्हा त्यांनी हाक मारली,

"भाऊजी! इकडे या! इथं कोनी तरी फुंकून राह्यलं!"

सहदेवभाऊ पाठीवर सरपटत गाडीखाली गेले. फुग्याकडे जाणारी एक काळी नळी होती, पेन्सिलीएवढी जाड. तिच्यावर बारीक दात उमटले होते. आणि शेजारी, चेसिसच्या कपारीत, शेंगांची टरफलं!

उंदीर! डिकीतल्या शेंगांच्या वासाने आला, शेंगा खाल्ल्या, वर तोंडी लावायला नळी कुरतडली. सहदेवभाऊ गाडीखाली पडल्या पडल्या हसायला लागले. "वयनी, ही करणी आपल्या दादाचीच! शेंगा ठेवल्या, पण झाकण नाही लावलं!"

"त्यायनं जलमात कधी झाकण नाही लावलं कशाले," आशाबाई म्हणाल्या. त्याही हसल्या. माघानंतर पहिल्यांदा.

आता दुरुस्ती. इथे सहदेवभाऊंनी कोणाचं ऐकायचं काही कारणच नव्हतं. नळी तुटली, की ठिबकचा जॉइंट लावतात. दुकानात पोतंभर पडले आहेत! त्यांनी कुरतडलेला तुकडा कापला, दोन तोंडं प्लॅस्टिकच्या जॉइंटमध्ये बसवली आणि गर्दीकडे वळून हात वर केला. "चालव मंजू!"

गाडी उठली. अशी उठली, की शेषरावांच्या काळातही उठली नसेल! सहदेवभाऊ बॉनेटवर हात ठेवून भाषणाला उभे राहिले. "मंडळी, हे चमत्कार-बिमत्कार काही नसते. हे शास्त्र असते. माणसानं डोकं लावलं त—"

फाट्!

बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. जॉइंट सुटला, शेडच्या पत्र्यावर आदळला आणि सिंधूताईंच्या पूजेच्या परडीत जाऊन पडला. ठिबकच्या थेंबाथेंबाने वाहणाऱ्या पाण्यासाठी केलेली वस्तू ती, तिला ही हवा कुठून झेपणार? गाडी एकदम धप्पकन बसली. आणि समोरची सगळी मंडळी, एकजात, भुईवर डोकं टेकवून लोटांगणात गेली!

लोटांगणात गेले नाहीत ते घरचे तिघेच. त्यातल्या एकाला भुईने पोटात घेतलं तर बरं, असं वाटत होतं.

दुसरबीडला हमरस्त्यावर कचरूभाऊंचं ट्रकांचं गॅरेज आहे. ट्रकांचे ब्रेक हवेवर चालतात, म्हणजे कचरूभाऊंचा जन्म हवेच्या नळ्यांत गेलेला. सहदेवभाऊ आणि ते एका वर्गात होते. पण कचरूला बोलवायचं म्हणजे तो हसणार, म्हणून सहदेवभाऊंनी इतके दिवस त्याचं नाव काढलं नव्हतं. आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांनी फोन लावला. कचरूभाऊ मोटरसायकलवर आले, सगळी हकीकत ऐकली आणि अंदाजाप्रमाणे हसले. बाजेवर बसून हसले, पाणी पिऊन हसले.

"ठिबकचा जॉइंट! अबे सहदेव, उद्या विमानाले सायकलचं पैडल लावशील तू!"

"हास. हासून घे. अन् मंग काम कर."

काम कसलं? कचरूभाऊंनी खिशातून ट्रकच्या ब्रेकचा पितळी जॉइंट काढला, नळीची दोन टोकं दोन्हीकडून खुपसली. खट्, खट्. झालं!

"एवढंच?" आशाबाईंनी विचारलं. त्या चाकाशी वाकून पाहत होत्या.

"एवढंच, भाभी. आता हत्ती लोंबला तरी सुटत नाही."

"अन् सोडायची असली मंग?"

"हे कडं दिसते ना? हे अंगठ्यानं दाबायचं अन् नळी ओढायची. आधी हवा उतरू द्यायची बरं का, नाही त हाताले लागते. तो इथं बाजूले नट आहे, तो ढिला केला का सू-सू करून हवा जाते. लेकराचा खेळ आहे."

"बरं," आशाबाई म्हणाल्या.

आखाजीच्या सकाळी गाडी उभी होती! रात्रभर उभी होती! आशाबाईंनी शेषरावांच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवला. दुपारी डोळे पुसून त्या गाडीत बसल्या. सहदेवभाऊंनी किल्ली फिरवली, पंप गुरगुरला. मंजुश्री मागून म्हणाली, "थांबा काका. उठू द्या तिला." सहदेवभाऊंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.  गाडी उठली, मग निघाली.

काय गेली ती गाडी! घाट उतरताना आशाबाईंच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळला नाही. सहदेवभाऊंना पहिल्यांदा कळलं, की दादांनी रंग का पाहिला नाही, सीट का पाहिल्या नाहीत. जन्मभर लोकांना हादरे चुकवत नेणाऱ्या माणसाला शेवटी एकच गोष्ट हवी होती, आणि तीही त्याने बायकोला दाखवायला घेतली होती.

वडनेरच्या वेशीतच गर्दी! सहदेवभाऊंनी कॉलर ताठ केली. आशाबाईंची भावजय भाकरतुकडा ओवाळून पुढे आली, लोकांनी गाडीला वेढा घातला, आणि सगळे मागच्या चाकांकडे टक लावून बसले. अर्धा तास गेला. तास गेला.

"बसत नाही का हो?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"दुरुस्त केली ना!" सहदेवभाऊ अभिमानाने म्हणाले.

"अस्सं," म्हातारा म्हणाला. "आमी नांदुऱ्याहून बसलेली पाह्याले आलो." आणि मंडळी पडक्या चेहऱ्याने पांगली. आयुष्यातली सगळ्यात मोठी दुरुस्ती, आणि शाबासकी द्यायला एक माणूस नाही!

सहदेवभाऊंनी झोपताना जाहीर केलं, "सकाळी चहा झाला का निघू. दुकान बंद आहे." आशाबाईंनी मान हलवली.

सकाळी गाडी बसली होती.

पार खाली! उजव्या अंगावर कलून, अगदी पहिल्यासारखी. वडनेरची मंडळी आनंदाने धावत येत होती. सहदेवभाऊ धोतर सावरत गाडीखाली गेले. नळी सुटलेली होती. तुटलेली नव्हती, फाटलेली नव्हती, व्यवस्थित सोडवून बाजूला गुंडाळून ठेवलेली. पितळी जॉइंट जागेवर नव्हता.

ते बाहेर आले. ओट्यावर आशाबाई भावजयीबरोबर आणि लहानपणच्या दोन मैत्रिणींबरोबर सरगुंडे वळत बसल्या होत्या. काडीवर कणकेची बारीक वळी गुंडाळत होत्या आणि कशावर तरी इतक्या हसत होत्या, की वळी तुटत होती. सहदेवभाऊ जवळ गेले. वहिनींच्या पांढऱ्या कणकेने माखलेल्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. अंगठा मात्र काळा होता. ग्रीसने.

आशाबाईंनी वर पाहिलं. अंगठा पदराखाली घेतला.

"काय झालं भाऊजी?"

"गाडी बसली, वयनी."

"हाव का?" आशाबाई म्हणाल्या. "तुमच्या दादाचीच गाडी ती. शब्दाची पक्की असन."

मागे मंजुश्री पुस्तकात डोकं घालून बसली होती. पुस्तक उलटं होतं.

सहदेवभाऊंनी त्या उलट्या पुस्तकाकडे पाहिलं. मग त्यांनी अंगणाच्या मधोमध जाऊन, सगळ्या मंडळींच्या देखत, कचरूला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कचरू, गाडी पुन्हा बसली. तू चार दिवसांनी ये वडनेरले."

"चार दिवस?" फोनमधून कचरूभाऊंचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. "अबे, मिनिटाचं काम ते! जॉइंटात नळी खुपसायची, खट्! लेकराले जमते, तुले जमत नाही का बे?"

जानेफळच्या सगळ्या मोटरींचे, पंपांचे आणि नोझलांचे राजे सहदेवभाऊ यांनी ओट्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि मोठ्याने सांगितलं,

"नाही जमत!"

दुकानावरची पाटी तेवढी त्यांनी गावी परतल्यावर उतरवली. शेडमध्ये उंदराचं बीळ होतं, त्याच्या तोंडाला ती अगदी मापात बसली.